फ्रँचायझी करारातला '1 किलोमीटर' कसा मोजायचा?

सिंहगडरोडकर:
पुण्यात सिंहगड रोडवर माझं अमृततुल्य आहे, एका साखळी ब्रँडची फ्रँचायझी. फी 3 लाख, वर 18 टक्के जीएसटी. त्यांच्या मराठी माहितीपत्रकात ठळक छापलंय, '1 किमी परिघात दुसरी शाखा नाही'. इंग्रजी करारात मात्र 'दुकानापासून एक किलोमीटरच्या आत' एवढंच. गेल्या महिन्यात रस्त्याच्या पलीकडे तोच बोर्ड लागला. काउंटरवर उभं राहून मला तो वाचता येतो हो!

एरिया मॅनेजर म्हणतो अंतर 1.3 किमी आहे. त्याने मोबाइलवर गाडीचा रस्ता लावून दाखवला: दुभाजक संपेपर्यंत पुढे, यू-टर्न, मग उलटं मागे. चहा प्यायला कोण यू-टर्न मारतं? मी चालत गेलो, 212 पावलं झाली. रोज 55 लिटर दूध लागायचं, आता 38 वर आलोय. चहा पावडर कंपनीकडूनच घ्यावी लागते, म्हणजे माझा धंदा किती पडला हे त्यांना आकड्यासकट कळतंय. काय करता येईल?

भूमितीचे_मास्तर:
परिघ म्हणजे वर्तुळाची कड. 1 किमी परिघाच्या वर्तुळाची त्रिज्या भरते 159 मीटर. माहितीपत्रक लिहिणारा माझ्या वर्गात नव्हता हे नक्की. पण 212 पावलं म्हणजे साधारण 150 मीटर. शब्दशः धरलं तरी ते आतच आहेत की!

नाशिकची_बेकरी:
दादा, माझी हद्द पिनकोडवर होती. पिनकोडात दुसरं दुकान कुणी काढलं नाही. कंपनीने शेजारच्या पिनकोडात नुसतं किचन टाकलं आणि डिलिव्हरी ॲपवर माझ्याच गल्लीत केक पोचवायला लागली. विचारलं तर म्हणे, करारात 'दुकान' लिहिलंय, ऑनलाइन नाही. तुमच्या करारात ऑनलाइनचं काय आहे ते आधी वाचा. मी वाचलं नव्हतं.

जुना_वकील:
आपल्याकडे फ्रँचायझीचा वेगळा कायदा नाही. अमेरिकेत सही घेण्याच्या किमान 14 दिवस आधी 23 कलमी माहितीपत्र द्यावं लागतं, त्यातलं 12 वं कलम हद्दीचंच. इथे सगळं 1872 च्या करार कायद्यावर. 'धंद्यावर बंधन म्हणजे कलम 27 खाली करारच रद्द' असं कुणी घाबरवलं तर घाबरू नका. गुजरात बॉटलिंग विरुद्ध कोका-कोला प्रकरणात सुप्रीम कोर्टाने 1995 मध्येच सांगितलंय, की करार चालू असेपर्यंतचं असं बंधन साधारणपणे कलम 27 मध्ये अडकत नाही.

अंतराचं म्हणाल तर, 1897 च्या जनरल क्लॉजेस ॲक्टचं कलम 11 केंद्रीय कायद्यांतलं अंतर सरळ रेषेत मोजायला सांगतं. ते करारांना थेट लागू नाही, पण युक्तिवादाला चांगलं. यू-टर्नवाल्यांनाही असं काहीतरी दाखवावं लागेल ना.

आता कामाचं. लवादाचं (कोर्टाऐवजी पंचाकडून निवाडा) कलम असणारच, त्यात 'सीट', म्हणजे लवादाचं कायदेशीर ठिकाण, कुठलं शहर आहे ते बघा. पुणे असेल तर लवाद कायद्याच्या कलम 9 खाली इथल्याच कोर्टात तात्पुरता मनाई हुकूम मागता येतो. मिळाला तर 90 दिवसांत लवाद सुरू करावा लागतो. पंच कंपनी एकटीच नेमणार असं लिहिलं असेल तर तेही 2019 पासून टिकत नाही. माहितीपत्रक जपून ठेवा. आणि रागाच्या भरात रॉयल्टी थांबवू नका, नाहीतर करारभंग तुमच्याच गळ्यात.

सिंहगडरोडकर:
वकीलसाहेब, सीट पुणेच निघालं. रॉयल्टी आज सकाळी भरली, दात-ओठ खात.

अजून एक गंमत. काल रात्री शटर ओढताना पलीकडचा मालक आला. पंचविशीतला पोरगा, वडिलांनी जमीन गहाण ठेवून दुकान टाकून दिलंय. मला वाटलं भांडायला आला. त्याने विचारलं, 'काका, तुम्ही बंद करणार होता ना? मला तसंच सांगून जागा दिली.' मग त्याने माहितीपत्रक दाखवलं. तेच, 1 किमी परिघात दुसरी शाखा नाही!

उरलेला अर्धा लिटर उकळून दोघांनी माझ्याकडेच चहा घेतला. शनिवारी तो करार घेऊन येतोय. साहेब, दोघांची मिळून एकच नोटीस देता येते का?