लग्नापर्यंत थांबायचं ठरवलंत, ते इतरांना कसं सांगितलंत?

मी एकतीस वर्षांची, नोकरी हिंजवडीत. शरीरसंबंध लग्नानंतरच, हे मी कॉलेजात असताना ठरवलं. घरच्यांच्या धाकानं नाही, स्वतःच्या मनानं. पण कोणी विचारलं की जीभ अडखळते. मी बोलले की समोरच्याला वाटतं, आपल्याला बोल लावतेय. माझी जिवाभावाची मैत्रीण मित्रासोबत राहते. तिनं मागे थेट विचारलं, "म्हणजे आमचं चुकतंय का?" मी म्हटलं, "जवळीक झाली की मला माणूस नीट दिसणार नाही. माझा स्वभावच तसा आहे." त्या रात्री दोन वाजेपर्यंत आम्ही बोलत बसलो. तुम्ही कसं सांगितलंत? उपदेश नको, घडलेलं लिहा.

पुरुष, २७, पुणे
मुलग्यांना हे विचारायला कोणी येत नाही, फक्त चिडवायला येतात. हॉस्टेलवर "तुझ्यात काही कमी आहे का?" इथपर्यंत गेलं. आधी मी अभ्यासाची सबब सांगायचो. मग एकदा म्हणालो, "इच्छा तुमच्याइतकीच आहे, पण मला जिच्याशी संसार करायचाय तिच्यासोबतच." सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं हसणारा दोन दिवसांनी गच्चीवर भेटला. म्हणाला, पहिल्या वेळी त्याचं मन नव्हतं, मित्रांत कमी दिसू नये म्हणून गेला होता. मी फक्त ऐकलं. तेव्हा शहाणपणा शिकवला असता, तर तो पुन्हा बोलला नसता.

स्त्री, ३४, डॅलस
इथल्या एका सहकारी मैत्रिणीमुळे मी 'शुद्ध', 'पवित्र' हे शब्द सोडले. १९९३ पासून अमेरिकेतल्या बॅप्टिस्ट चर्चमधून किशोरवयीन मुलांकडून लग्नापर्यंत थांबण्याची प्रतिज्ञा लिहून घेत. तिनंही चौदाव्या वर्षी सही केली. पुढे ती मोडली, तेव्हा आपण उष्ट्या झालो असं तिला कित्येक वर्षं वाटत राहिलं. मी थांबले याचा मला आनंद आहे, पण तो तिला कमी लेखून मिळवायचा नाही.

आई, ५२, पिंपरी
माझ्या शहरात कंजारभाट समाजातल्या तरुणांनी लग्नाच्या रात्रीच्या कौमार्य चाचणीला विरोध केला. २०१८ साली त्यासाठी त्यांनी मारही खाल्ला. परीक्षा फक्त मुलीची, चादरीवर रक्ताचा डाग शोधायचा तो तिचाच, मुलाला प्रश्न नाही. ते वाचल्यावर मी लेकीशी एकटीशी बोलायचं सोडलं. मुलगा-मुलगी दोघांना समोर बसवून म्हणाले, "तुम्ही थांबावं असं मला मनापासून वाटतं. तुमच्या बाबांना आणि मला एकमेकांपासून लपवायचं काहीच नव्हतं, ते सुख मला मोठं वाटतं. पण तुमचं वेगळं ठरलं, तर गर्भनिरोधकाची माहिती मलाच विचारा." मुलगा लाजून उठला. लेकीनं मात्र विचारलं, "आई, तुला कधी वाटलं नाही का?" वाटलं होतं. तेही सांगितलं.

पुरुष, ३८, ठाणे
मी थांबलो नव्हतो. आता तीन वर्षं थांबलोय. इथे लिहिलं तर चालेल ना?

धागाकर्ती
चालेल. निवांत लिहा.