मदत हवी आहे: कन्याकुमारीला लेकीला समुद्र नीट दाखवायचाय

नमस्कार मंडळी, आम्ही चोपड्याकडचे, घरची केळी आहे. तापीपेक्षा मोठं पाणी माझ्या लेकीने अजून पाहिलेलंच नाही. शेजारच्या काकूंनी कन्याकुमारीहून बाटलीभर वाळू आणली होती, पोरीने ती ताटात ओतून चुंबक फिरवलं तर काळे कण पटापट चिकटले आणि लालसर तिथेच राहिले, ते गार्नेट नावाचं खनिज असतं म्हणे, काळ्यात इल्मेनाइट हे लोखंड-टायटॅनियमचं खनिज. त्या दिवसापासून तिचं एकच, मला तिथे जायचंय.

डिसेंबरात निघतोय, आईपण सोबत आहे, तिचे गुडघे दुखतात. १८९२ च्या डिसेंबरात विवेकानंद ज्या खडकावर ध्यानाला बसले तो तिला बघायचाच आहे. पण तिकडे ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मान्सूनचा पाऊस असतो, मग खवळलेल्या समुद्रात बोट बंद ठेवतात का, आणि बोटीत चढता-उतरताना म्हाताऱ्या माणसाला कितपत जमतं?

दुसरं, लेकीला जिवंत प्रवाळ बघायचंय. तामिळनाडू आणि श्रीलंकेमधल्या मन्नारच्या आखातात २१ बेटांचं सागरी राष्ट्रीय उद्यान आहे, १९८६ चं, तिथे समुद्री गवत खाणारा डुगाँगही (समुद्री गाय) राहतो. तो दिसेल अशी आशा नाही, पण प्रवाळ दाखवणारी काचेच्या तळाची बोट रामेश्वरच्या बाजूने घ्यावी की तुतुकुडीकडून? ओहोटीला खडकांतल्या डबक्यांत खेकडे, शंख बघायला सुरक्षित जागा कुठली? कोणी लहान पोरांना घेऊन गेलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा ना, तिकिटं याच आठवड्यात काढायचीयेत.