मदत हवी आहे: सोलापूरच्या उन्हात ॲडव्हेंचर बाईक गावात १०८ अंशांवर, हायवेला मात्र ९० वर

माळरान

नमस्कार मंडळी. गाडी ४०० सीसीच्या आसपासची, सिंगल सिलिंडर, लिक्विड कूल्ड ॲडव्हेंचर. १९ हजार किलोमीटर झालेत, सर्व्हिस वेळेवर आहे.

दुपारी सात रस्ता ते आसरा चौक एवढ्या अंतरातच डिस्प्लेवर १०५-१०८ दिसतं. पंखा लागला की बंदच होत नाही. उजव्या नडगीला इतकी गरम हवा लागते की सिग्नलला पाय बाहेर काढून बसावं लागतं. इंजिन तापल्यावर न्यूट्रल पडायला त्रास होतो. तेच नळदुर्गच्या बाजूला हायवेवर ८० च्या वेगाने आकडा ८८ ते ९२ च्या पुढे जात नाही.

गाडीवर बाहेरून बसवलेलं: रेडिएटरला लोखंडी जाळी, क्रॅश गार्डवर ४० वॅटचे दोन जादा दिवे. मागच्या उन्हाळ्यात एका गॅरेजमध्ये कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) कमी आहे म्हणून साधं पाणी टाकलं होतं, किती ते माहीत नाही.

हा बिघाड आहे की सोलापूरच्या उन्हात असंच होणार? बेंड पाईपला (इंजिनमधून निघणाऱ्या एक्झॉस्टच्या नळीला) हीट रॅप, म्हणजे उष्णता अडवणारी पट्टी, गुंडाळू का? ऑइल जाड टाकू का? एप्रिलअखेर विजापूरमार्गे हंपीला जायचं आहे, म्हणून आत्ताच विचारतोय.

पाना_दहा

तुमच्या प्रश्नातच अर्धं उत्तर आहे. गाडी कुठे तापते, हे आधी पाहायचं.

हायवेवर, वारा भरपूर असताना आकडा चढत असेल तर कूलंट नीट फिरत नाही: थर्मोस्टॅट (गरम झाल्यावर कूलंटची वाट उघडणारी झडप) अर्धवट उघडतोय, वॉटर पंप गेलाय किंवा रेडिएटर आतून चोंदलाय. फक्त गर्दीत चढत असेल तर हवा कमी पडतेय: पंखा, बाहेरून घाणीने भरलेल्या फिन (रेडिएटरच्या पातळ पत्र्या), किंवा पुढे लावलेला अडथळा. तुमची केस सरळ दुसरी आहे. पंप आणि थर्मोस्टॅटला आत्ता हात लावू नका, कुणी बदलायला सांगितलं तरी.

ऊन किती कारणीभूत, तेही बघा. रेडिएटर किती उष्णता टाकणार हे कूलंट आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. कूलंट ९५ आणि हवा २५ असेल तर फरक ७० अंशांचा. सोलापुरात मे महिन्यात हवा ४२ असते, म्हणजे फरक ५३. त्याच रेडिएटरची ताकद जवळजवळ पाव भागाने घटली. शिवाय डांबरालगतची हवा सावलीतल्या आकड्यापेक्षा गरमच. त्यातून वॉटर पंप इंजिनच्या फेऱ्यांवर चालतो, म्हणजे आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) प्रवाहही कमी. म्हणून गर्दीत १००-१०२ ला पंखा लागणं, आकडा खाली येणं, पुन्हा लागणं हे नॉर्मल. पंखा सतत चालू आणि तरी १०८, हे नॉर्मल नाही.

पंख्याच्या दोन तपासण्या घरीच करा.

पहिली: पंखा चालू असताना रेडिएटरच्या समोर कागदाचा तुकडा धरा. पंखा रेडिएटरच्या मागे असतो, त्यामुळे कागद जाळीला चिकटला पाहिजे. बाहेर उडत असेल तर पंखा उलटा फिरतोय. जादा दिव्यांचं वायरिंग करताना कनेक्टर उलटसुलट जोडला गेला की असं होतं, आणि आवाजावरून अजिबात कळत नाही.

दुसरी: मल्टिमीटर लावून पंख्याच्या कनेक्टरवर व्होल्टेज घ्या. गाडी आयडलला, पंखा चालू, जादा दिवे बंद; मग दिवे चालू. दिवे लावल्यावर आकडा १३ च्या खाली उतरत असेल तर आयडलला चार्जिंग पुरत नाही आणि पंखा मंद फिरतोय. ४० वॅटचे दोन दिवे म्हणजे साडेसहा ॲम्पिअर. गावात दिवसा ते बंद ठेवा.

होटगी_रोड

जाळी काढून बघा मालक. बाजारात मिळणाऱ्या कित्येक जाळ्यांचं भोक इतकं बारीक असतं की खड्याबरोबर हवाही अडते, आणि दोन-तीन महिन्यांत त्यात किडे नि माती बसते. जाळी काढून त्याच रस्त्याने, त्याच वेळेला एक फेरी मारा. फरक पडला तर मोठ्या षटकोनी भोकांची घ्या.

पाना_दहा

बरोबर. जाळी काढलीच आहे तर फिनही धुऊन घ्या. साधा नळाचा पाईप, पाणी इंजिनच्या बाजूने पुढे सोडायचं, म्हणजे घाण ज्या वाटेने आली त्याच वाटेने बाहेर पडते. सर्व्हिसिंगवाल्याचा प्रेशर वॉशर जवळून मारला की फिन आडव्या पडतात. पडलेल्या फिन बोथट टोकाच्या सपाट पट्टीने एकेक उभ्या करता येतात; घाई केली तर नळी फुटते. उसाच्या ट्रॅक्टरमागून चाललेल्या गाड्यांच्या फिनमध्ये चिपाडाचा भुसा खोलवर बसतो. आधी शाम्पूचं पाणी फवारून दहा मिनिटं मुरू द्या.

कोरडा_दुष्काळ

मला सगळ्यात जास्त काळजी त्या साध्या पाण्याची वाटते. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि सिलिंडर हेडच्या आतल्या गरम भागावर थर धरतात, आणि तो थर उष्णता अडवतो. पाण्याने कूलंट पातळ झाला की गंजरोधकही पातळ होतात, ॲल्युमिनियम खायला लागतं. आज हायवेवर ९० आहे म्हणजे अजून चोंदलेलं नाही. आत्ताच साफ करा.

काम इंजिन पूर्ण थंड असताना, शक्यतो सकाळी. गरम असताना कॅप उघडायची नाही. आत दाब असतो, उकळता कूलंट थेट तोंडावर येतो.

गाडी सरळ उभी करा. वॉटर पंपच्या कव्हरखालचा ड्रेन बोल्ट सोडा, मग रेडिएटरची कॅप काढा. आधी कॅप काढली तर धार जोरात लांब उडते. निघालेला कूलंट मापाच्या भांड्यात घ्या. हे माप पुढे लागणार आहे. रंगही बघा: तांबूस किंवा गढूळ असेल तर गंज, वर तेलकट साय असेल तर हेड गॅस्केटचा (सिलिंडर हेडखालच्या सीलचा) संशय. साय दिसली तर इथेच थांबा आणि मेकॅनिक गाठा.

बोल्ट नव्या वॉशरने लावा. डिस्टिल्ड वॉटर भरा, बॅटरीच्या दुकानात पाच लिटरचा कॅन मिळतो. आरओचं पाणी त्याची जागा घेत नाही, त्यात क्षार उरतात. गाडी चालू करून रेडिएटरचा वरचा पाईप गरम लागेपर्यंत ठेवा. पाईप गरम झाला म्हणजे थर्मोस्टॅट उघडला, पाणी सगळीकडे फिरलं. बंद करा, पूर्ण थंड होऊ द्या, काढा. पाणी स्वच्छ येईपर्यंत हेच.

आता इथे बहुतेक जण चुकतात. ड्रेन केलं तरी सगळं पाणी निघत नाही, इंजिनच्या आत काही राहतंच. समजा तुमच्या मॅन्युअलमध्ये एकूण क्षमता १.२ लिटर आहे आणि बाहेर आलं ९०० मिली. म्हणजे ३०० मिली डिस्टिल्ड वॉटर आतच आहे. त्यावर ९०० मिली तयार ५०:५० कूलंट ओतला तर खरं प्रमाण साडेसदतीस टक्क्यांवर येतं. म्हणून कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेला कूलंट) आणा, आधी ६०० मिली कॉन्सन्ट्रेट, मग उरलेलं ३०० मिली डिस्टिल्ड वॉटर. कॉन्सन्ट्रेट नाहीच मिळालं तर शेवटचं धुणं डिस्टिल्डऐवजी तयार कूलंटनेच करा आणि ते फेकून द्या.

जास्त कॉन्सन्ट्रेट म्हणजे जास्त थंड, हा गैरसमज आहे. कूलंटमधलं ग्लायकॉल उकळबिंदू वाढवतं, पण उष्णता वाहून नेण्यात पाणीच सरस. ५० टक्क्यांच्या फार वर गेलात तर उलट तापेल. रंग बघूनही कूलंट घेऊ नका, हिरवा-निळा-लाल याला ठरलेला नियम नाही. मॅन्युअलमधलं स्पेसिफिकेशन बाटलीवर शोधा, आणि दोन जातींचे कूलंट मिसळू नका.

हवा काढणं राहिलं. पुढचं चाक थोडं उंचावर घ्या, कॅप उघडी ठेवून इंजिन आयडलला चालवा, रबरी पाईप हातमोजा घालून हळूच दाबत राहा, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत कूलंट घालत राहा. कूलंट फुगून काठावर येऊ लागला की कॅप लावा. ब्लीड स्क्रू (हवा काढायचा स्क्रू) असेल तर त्यातून धार अखंड आली की आवळा. मग पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत थांबा. थंड झाल्यावर गाडीवरच्या कूलंटच्या रिझर्व्ह बाटलीतली पातळी दोन खुणांच्या मध्ये.

जुना कूलंट गटारीत किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नका. चव गोड असते, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात. कॅनमध्ये भरून, लेबल लावून गॅरेजच्या जुन्या ऑइलबरोबर द्या, पण ऑइलमध्ये मिसळू नका.

माळरान

कोरडा_दुष्काळ, इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. जाळी काढली, फिन धुतल्या, मातीचा लगदाच निघाला. कागद चिकटतो, पंखा सरळ आहे. जादा दिवे लावले की कनेक्टरवर १२.४, बंद केले की १३.६. दिवे बंद ठेवून त्याच वेळेला त्याच रस्त्याने गेलो: १०३ पर्यंत, आणि पंखा मध्ये बंद होतो. कूलंट रविवारी करतो. कॅपचं काय? गाडी बंद केल्यावर बाटलीत गुडगुड आवाज येतो.

पाना_दहा

कॅप बदला, कंपनीचीच, त्याच दाबाची. दाबाचा आकडा कॅपवरच छापलेला असतो, बहुतेक १.१ बार. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण ४५० मीटरवर, त्यामुळे उघड्या भांड्यात पाणी शंभराच्याही थोडं आधी उकळतं. १.१ बारचा दाब धरला तर तेच पाणी १२० च्या आसपास जातं, ५०:५० कूलंट त्याहून वर. कॅपचं रबर कडक झालं की दाब धरत नाही आणि पातळ झालेला कूलंट १०५ ला उकळायला लागतो. गुडगुड बहुतेक तीच. नवी कॅप आणि नवा कूलंट घालूनही बुडबुडे येत राहिले तर हेड गॅस्केटची लीक टेस्ट करून घ्या.

बंद करून पाच मिनिटांनी चालू केल्यावर आकडा चार-पाच अंशांनी जास्त दिसला तर घाबरू नका. प्रवाह थांबलेला असतो, हेडची उष्णता सेन्सरजवळच्या कूलंटमध्ये उतरते. चालू झाल्यावर अर्ध्या मिनिटात खाली आलं पाहिजे.

ऑइल: मॅन्युअलमध्ये जो ग्रेड आहे तोच, जासो एमए२ (बाईकच्या ऑइलमधल्या क्लचसाठीचं प्रमाण) लिहिलेला. कारचं ऑइल नको, त्यातल्या घर्षण कमी करणाऱ्या घटकांनी क्लच प्लेट घसरते आणि घसरणारा क्लच स्वतःच उष्णता तयार करतो. पातळी वरच्या खुणेच्या वर नको, क्रँक ऑइल घुसळतो आणि तापवतो. न्यूट्रलसाठी क्लच केबलचं प्ले (ढिलेपणा) तपासा. गरम झाल्यावर क्लच पूर्ण सुटत नसावा.

एअरकूल्ड_भाऊ

मध्येच विचारतो. माझ्या एअर कूल्ड हिमालयन ४११ ला यातलं काय लागू?

पाना_दहा

रेडिएटर नाही, ऑइल कूलर आहे, त्यामुळे फिनची सफाई तशीच. कूलंटचा सगळा भाग सोडा. तुमचं ऑइलच कूलंटचं काम करतं: १५डब्ल्यू५०, पातळी दर आठवड्याला, आणि उन्हाळा लागायच्या आधी बदल. पंखा नसल्याने लांब सिग्नलला इंजिन बंद करणं हाच उपाय.

होटगी_रोड

हीट रॅपबद्दल कुणी बोललं नाही. करू नका. रॅपमुळे पाईपच्या आत उष्णता कोंडते, पट्टीत पाणी धरून साधं लोखंड गंजतं. बीएस६ गाड्यांचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा भाग) आधीच इंजिनखाली तापलेला असतो, त्यावर तर मुळीच नाही.

नडगीला लागणारी हवा बहुतेक पंख्याने रेडिएटरमधून ओढलेलीच आहे. ती थांबवता येत नाही, वळवता येते. उजव्या पॅनेलच्या आतल्या बाजूला आणि टाकीखाली ॲल्युमिनियम-फायबरग्लासची चिकट शीट लावा, आधी जागा पेट्रोलने पुसून, वाळवून. पंख्याची बाहेर पडायची वाट मोकळी ठेवा. अंगात रायडिंग पँट आणि घोट्यावर जाणारे बूट. बर्म्युडा घालून कितीही शीट लावली तरी भाजणारच.

भुईकोट

हंपीसाठी. विजापूर १००, पुढे आलमट्टी, कुष्टगी, होस्पेट धरून ३०० किलोमीटरच्या आसपास. पहाटे पाचला निघालात तर अकराच्या आत बराचसा रस्ता संपतो, दुपार सावलीत काढा.

टाकी मानेपर्यंत भरू नका. पेट्रोल दर १० अंशांना जवळपास एक टक्का फुगतं. पंपाच्या जमिनीखालच्या टाकीतलं थंड पेट्रोल १४ लिटर भरून गाडी उन्हात लावली की तीनशे मिलीच्या वर जागा लागते. ती नसेल तर पेट्रोल कॅनिस्टरमध्ये (पेट्रोलची वाफ साठवणाऱ्या डब्यात) शिरतं आणि गाडी धडधडत बंद पडते.

वरच्या गियरमध्ये कमी आरपीएमवर रेटू नका. चढावर थ्रॉटल पिळल्यावर खडखड ऐकू आली तर एक गियर उतरा. टायरची हवा पहाटे थंड टायरवर भरा. दुपारी वाढलेली दिसली म्हणून सोडू नका.

आणि स्वतःचं. हवा ३५ च्या वर गेली की वारा अंग गार करत नाही, तापवतो. फुल मेश (जाळीदार) जॅकेट कोरड्या अंगावर घातलं तर ४२ ला नुकसानच. आतला सुती टीशर्ट ओला करा, जॅकेटचे व्हेंट अर्धे बंद ठेवा. आपली हवा कोरडी असल्याने हे उत्तम चालतं, पण टीशर्ट तासाभरात वाळतो, पुन्हा भिजवावा लागतो. ओआरएसचं लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच. घाम यायचा थांबला, डोकं जड झालं की सावली बघून ताबडतोब थांबा.

कोरडा_दुष्काळ

माळरान, रविवारी कूलंट केलात की बाटलीवर पातळीची रेघ मार्करने मारून ठेवा आणि चार-पाच दिवस रोज सकाळी थंड इंजिनवर बघा. पहिल्या दिवशी उरलेली हवा निघून थोडी उतरेल, ते भरून घ्या. त्यानंतरही उतरत राहिली तर हंपीला निघू नका. वॉटर पंपच्या खालचं छोटं भोक बघा, तिथून ठिबकत असेल तर सील गेलंय. ते कोरडं असेल तर पाईपच्या क्लिपा.