टायटॅनियमच पाहिजे असं काही नसतंय

वर ताईंनी लिहिलंय की भाऊ गारगोटी रोडला गाडीवरनं पडला, डोळ्याखालचं हाड मोडलंय, डॉक्टर पॉलिथिलीनची प्लेट म्हणतायत, आणि त्यावर दोघातिघांनी सरळ "प्लास्टिक कशाला, टायटॅनियमच घाला" सांगून टाकलं. ताई, घाबरू नका ओ. हे बादलीचं प्लास्टिक नव्हे, त्यात बारीक छिद्रं असतात, साधारण 100 ते 200 मायक्रॉनची, त्यातनं आपल्याच रक्तवाहिन्या आणि टिश्यू आत वाढतात नि प्लेट जागेवर धरली जाते. तोटा हा की नुसतं पॉलिथिलीन सीटी स्कॅनला नीट दिसत नाही, मग प्लेट बरोबर बसलीय का हे तपासायला अवघड जातं. टायटॅनियमची जाळी स्पष्ट दिसते, हाडाला पडलेलं भगदाड मोठं असेल तर आकारपण धरून ठेवते, पण कापलेल्या कडा टोकदार राहिल्या तर टिश्यू अडकतात आणि पुढं काढायची वेळ आलीच तर सोडवणं लई जिकिरीचं. पॉलिथिलीनच्या आत टायटॅनियमची जाळी असलेली प्लेटपण मिळते, त्याबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. साध्या सिलिकॉनबद्दल मात्र मी सावध राहीन, त्यात टिश्यू वाढत नाहीत, भोवती नुसती पिशवी धरते, आणि काहींना कैक वर्षांनी इन्फेक्शन होऊन ते बाहेर येतं.

आणि भाऊ शाळकरी वयाचा असेल, वर बघताना डोळा अडकत असेल, उलट्या होत असतील तर मटेरियलचं राहू दे बाजूला, स्नायू हाडात चिमटलेला असू शकतो, डोळा वरनं पांढराशुभ्र, लाली नसलेला दिसला तरी आजच्या आज दाखवा.