पाठ कविता आणि स्वतःची कविता: एका विधानावरून पेटलेला वाद

घोडबंदरचा कवी: पाठांतर सर्जनशीलतेचा गळा घोटते. ज्याच्या डोक्यात दुसऱ्यांच्या ओळी भरल्या आहेत, त्याला स्वतःची ओळ सुचत नाही.

पाचपाखाडीकर: हे वाचून गप्प बसवले नाही. मनाचे श्लोक आम्ही लहानपणी पाठ केले, तेव्हा त्यांचे भुजंगप्रयात वृत्त म्हणजे काय, प्रत्येक चरणात बाराच अक्षरे का, हे कोणी सांगितले नव्हते. तरीही पुढे स्वतः लिहायला बसल्यावर ओळ कुठे लंगडते ते कान आधी सांगत असे. लघु-गुरू, म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ अक्षरे, मोजणे नंतरचे. मर्ढेकरांनी यंत्रयुगातल्या माणसाची घुसमट अभंगाच्या घाटात मांडली. तो घाट कानात मुरल्याशिवाय असा वाकवता येतो काय?

घोडबंदरचा कवी: मर्ढेकरांनी काय पाठ केले होते, हे आपणांस कोणी कळवले? शिवाय हा सारा वृत्ताचा पुरावा झाला, प्रेरणेचा नव्हे. आमच्या कट्ट्यावर दर पावसाळ्यात क्रमिक पुस्तकातलाच श्रावण नव्या नावाने वाचला जातो. तो पाठांतराचाच गाळ आहे.

वाशीची वाचक: तो गाळ फार कमी पाठ असल्याचा आहे. ज्याला चारच कविता येतात, त्याच्या लिखाणात त्या चारही ओळखू येतात. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. १९५२ साली पुस्तक निघाले, ते त्यांच्या निधनानंतर. तोवर ओवीचा आधार कान आणि स्मरण यांचाच होता.

घोडबंदरचा कवी: ताई, बहिणाबाई स्वतःचे गात होत्या, दुसऱ्याचे घोकत नव्हत्या.

वाशीची वाचक: आणि ओवी त्यांनी शोधून काढली होती वाटते? माझेच सांगते. ठाण्याहून वाशीला येताना मी लोकलमध्ये कविता मनात घोळवते. एकदा ऐरोली-रबाळ्याच्या दरम्यान एक ओळ आठवली. घरी पुस्तक उघडले तर छापलेली ओळ निराळीच होती. स्मरणाने परस्पर बदललेली ती ओळ कवीची नव्हती, म्हणजे माझीच होती. माझी पुढची कविता तिथूनच सुरू झाली. नुसत्या वाचनाने हे घडले नसते.

नेरूळचे गुरुजी: आपण सगळे मूळ दुखणे विसरत आहात, ते म्हणजे चाल. मुलांना कविता पाठ नसते, चाल पाठ असते. चाल काढून घ्या, तिसऱ्या ओळीवर मूल अडते. स्पर्धांमधले हातवारे तर विचारूच नका. चंद्र म्हटले की बोट वर गेलेच पाहिजे. मी परीक्षक असताना न हलता कविता म्हणणाऱ्या मुलीला पहिले बक्षीस दिले, तर आयोजकांनी मला पुन्हा बोलावले नाही.

पाचपाखाडीकर: गुरुजी, विषय चालीचा नाही. पण निघालाच आहे म्हणून सांगतो, ओव्या आणि अभंग शतकानुशतके टिकले ते चालीवरच.

नेरूळचे गुरुजी: टिकले, पण अर्थाकडे लक्ष किती जणांचे राहिले? टाळ वाजवणाऱ्या दहा जणांना विचारून पाहा.

वाशीची वाचक: हे वारकऱ्यांविषयी बोलत असाल, तर शब्द जपून वापरावेत. माझे वडील शाळेत फार गेले नाहीत, पण एकेका चरणावर तासभर बोलत.

घोडबंदरचा कवी: बरे, ताईंच्या लोकलपुरते मान्य करतो, विसरण्यासाठी का होईना, आधी पाठ असावे लागते. माझ्या मुलीला एक कविता पाठ करायला सांगेन. स्पर्धेला पाठवणार नाही आणि गुरुजींच्या समाधानासाठी चालही लावू देणार नाही.

पाचपाखाडीकर: चालीशिवाय किती दिवसांत पाठ होते, तेवढे इथे कळवावे.