मदत हवी आहे: डिप्रेशनच्या गोळ्या मधेच सुटू नयेत म्हणून घरच्यांना काय सांगता?

बीड-धाराशिवकडच्या गावांत या गोळ्या अनेकदा दुसऱ्या आठवड्यातच सुटतात. मळमळ, डोकेदुखी पहिल्याच दिवसांत होते, गुण यायला मात्र 2 ते 4 आठवडे लागतात. तेवढ्यात ‘बाहेरचं झालंय’ म्हणून देवऋषी गाठला जातो. बरं वाटलं की पुन्हा बंद! खरं तर त्यानंतरही निदान 6 महिने घ्याव्या लागतात. एकदम सोडल्या तर चक्कर, बेचैनी होते.

आशाताई, सिस्टर, सासूला-नवऱ्याला हे आपल्या बोलीत कसं सांगता? ‘नैराश्य’ कुणाला पोचत नाही, ‘मन लागंना, झोप येईना’ पोचतं. ‘येड्याच्या गोळ्या’ असं कुणी म्हटलं तर उत्तर काय देता? टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर घरच्यांनाच बोलायला लावलं तर उपयोग होतो का?