सांगलीत पुराच्या रेषेबाहेर भाड्याचं घर कसं मिळवायचं? आणि घरमालक रजिस्टर करार का टाळतात?

स्टोअरकीपर_कुपवाड

नमस्कार मंडळी. सांगली-मिरजेत घर भाड्याने देणाऱ्यांनी आणि घेणाऱ्यांनी जरूर उत्तर द्या.

मी कुपवाड एमआयडीसीत एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये नोकरीला आहे, नवरा मिरजेत पॅथॉलॉजी लॅबमध्ये. घरात सासूबाई आणि दोन मुलं. श्यामरावनगरच्या बाजूला तळमजल्यावर दोन खोल्या, भाडं 5,500. जुलै लागला की आमच्याकडे सगळ्यांचं लक्ष कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी किती यावर असतं. पातळी 35 फूट झाली की डबे माळ्यावर जातात. 40 फूट ही इशारा पातळी, तोवर सासूबाई आणि मुलं नणंदेकडे तासगावला पोचलेली असतात. 45 ला धोका. 2019 ला पाणी 57 फुटांवर गेलं तेव्हा आम्ही इथे राहत नव्हतो, पण 2021 ला होतो. पाणी ओसरल्यावर गादी उचलायला चार माणसं लागली, एवढा गाळ तिच्यात बसला होता. घरमालकांनी नंतर स्विचबोर्ड माझ्या डोक्याच्याही वर नेले. धाकटी अजून दिवा लावायला स्टूल ओढते.

पंचनाम्याला आलेल्यांनी घर कुणाच्या नावावर ते विचारलं, मालकांचं नाव लिहून घेतलं आणि पुढच्या दारात गेले. सामान भिजलं होतं आमचं. दाखवायला कागद काय, तर 100 रुपयांच्या स्टॅम्पवर नोटरी केलेला करार, त्याचीही मुदत संपलेली.

आता विश्रामबागला बघतोय. तिथं पाणी येत नाही. एजंटने दाखवलेल्या एका बिल्डिंगमध्ये बारापैकी पाच फ्लॅट कुलूपबंद आहेत, पेपरवाल्यानेच सांगितलं. तरी आम्हाला मिळत नाही. एकांनी 9,000 भाडं आणि 50,000 डिपॉझिट सांगितलं, आम्ही तयार झालो. मी रजिस्टर करार करू म्हटल्यावर म्हणाले, "नोटरीवर करायचं असेल तर बोला."

माझे प्रश्न असे. नोटरीच्या कराराला काही अर्थ असतो का? एवढी घरं बंद का ठेवतात? आणि राज्याचं नवीन गृहनिर्माण धोरण आलंय, त्यात आमच्यासारख्यांना सांगलीत काही आहे का? मला अनुदान नको आहे, भाडं द्यायची तयारी आहे. प्रत्येक योजनेत घर म्हणजे स्वतःच्या नावावरचं घर. ते होईपर्यंतची दहा-पंधरा वर्षं माणसाने कुठे काढायची, हे कुणी विचारतच नाही, आणि याचा मला खरोखर त्रास होतो.

निवृत्त_मास्तर

ताई, बंद फ्लॅटवाल्यांपैकी मी एक आहे, म्हणून लिहितो. मुलीसाठी घेतलेला वन बीएचके, ती पुण्याला स्थायिक झाली. सुरुवातीला भाड्याने दिला होता, करार नोटरीचाच. अकरा महिने संपल्यावर माणूस जाईना, भाडंही थांबवलं. वकील म्हणाले दावा लावू, पण किती वर्षं लागतील ते सांगता येत नाही. शेवटी त्यालाच वर पैसे देऊन खोली मोकळी करून घेतली. पेन्शनीतला माणूस मी. त्यानंतर कुलूप लावलं ते लावलंच.

दुसरं कारण घरपट्टी. घर वर्षाला किती भाडं आणेल त्या मूल्यावर ती बसते. स्वतः राहत असलो तर एक आकारणी, भाडेकरू नोंदवला की आकडा चढतो. रजिस्टर करार म्हणजे महापालिकेला आपणच कळवणं, असा आमच्या पिढीचा समज आहे. 9,000 भाड्यापोटी पस्तीस लाखांच्या फ्लॅटची काळजी कोण लावून घेणार? तुमचं लिहिलेलं वाचून वाईट वाटलं, पण आमची भीतीही खरी आहे.

दस्तवाला

मास्तर, तुमच्यावर जे आलं ते नोटरीमुळेच आलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. माझं कामच भाडेकरार नोंदवण्याचं आहे. रोज एक तरी घरमालक "अकरा महिन्यांचा आहे, रजिस्टरची गरज नाही" म्हणत येतो. नोंदणी कायद्यात एक वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला सूट आहे, तिथून हा समज पसरला. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999, जो 31 मार्च 2000 पासून लागू आहे, त्याचं कलम 55 स्पष्ट आहे: करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, मग मुदत कितीही असो. नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. नोंदवला नाही आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते खरं धरलं जातं, ते खोटं आहे हे मालकाने सिद्ध करायचं. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 पर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे नोटरीने सगळ्यात जास्त उघडा पडतो तो मालकच.

आता कलम 24. राहण्यासाठी लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरलेल्या मुदतीपुरत्या राहण्याच्या परवानगीवर दिलेली जागा मुदत संपल्यावर सोडली नाही, तर मालक दिवाणी दाव्याच्या रांगेत न जाता थेट सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो. लेखी करार हा तिथे निर्णायक पुरावा मानतात. आणि मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी त्या माणसाला दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. मास्तर, तुमच्या हातात रजिस्टर दस्त असता तर हा रस्ता तुम्हाला मोकळा होता. हे मी प्रत्येक घरमालकाला सांगतो आणि थकत नाही.

खर्चाचं म्हणाल तर ताईंच्या आकड्यांवर हिशेब करू. 9,000 गुणिले 11 म्हणजे 99,000. डिपॉझिट 50,000, त्यावर वर्षाला 10 टक्के धरून साधारण 5,000 मिळवायचे. एकूण एक लाख चार हजारांच्या आसपास, त्याचा पाव टक्का मुद्रांक शुल्क. म्हणजे 300 रुपयांच्या आत. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000, ग्रामीण भागात 500. दस्त हाताळणीचे पैसे आणि आमची मजुरी वेगळी. कचेरीत जावं लागत नाही, थंब मशीन घेऊन आम्ही घरी येतो, दोघांचं आधार आणि दोन साक्षीदार लागतात. इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा उतारा, मोबाईलवर येतो.

ताई, तो इंडेक्स टू तुमच्यासाठी सोन्यासारखा. गॅसला, बँकेला, शाळेला, आणि पुराचा पंचनामा झाला तर त्या घरात राहत तुम्ही होता हे दाखवायला. खर्च मी उचलते असं मालकांना सांगा, पण नोटरीवर घर घेऊ नका. तुम्ही म्हणता तशी पाच कुलपं विश्रामबागच्या एका बिल्डिंगमध्ये असतील, तर निम्मी तरी केवळ कलम 24 माहीत नाही म्हणून लागलेली आहेत, हे माझं ठाम मत आहे.

नकाशेवाला

आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढण्यात माझी सगळी नोकरीची वर्षं गेली. दस्तवाले कागदाचं बोलले, मी जमिनीचं बोलतो.

नकाशावर पूररेषा दोन असतात. निळी रेषा म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या. नदीपासून निळ्यापर्यंत निषिद्ध क्षेत्र, निळी ते लाल नियंत्रित. 2 डिसेंबर 2020 ला मंजूर झालेल्या राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे या मधल्या पट्ट्यात बांधायचं तर जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा 0.45 मीटर वर लागतं. नव्या बांधकामाला ठीक. पण सखल भागातली आपली बहुतेक घरं गुंठेवारीतली आहेत. गुंठा-दीड गुंठ्याचा तुकडा, एक गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट, मंजूर लेआउटचा प्लॉट परवडत नव्हता म्हणून घेतलेला. 2001 च्या गुंठेवारी कायद्याने 1 जानेवारी 2001 पर्यंतची घरं नियमित करायची सोय केली, 2021 च्या दुरुस्तीने ती तारीख 31 डिसेंबर 2020 वर आणली. प्रमाणपत्राने बांधकाम कायदेशीर होतं, जमीन आहे त्याच उंचीवर राहते.

आणि या घरांत वर कोण राहतं, खाली कोण? मालक कर्ज काढून वरचा मजला चढवतो, स्वतः वर जातो, तळमजला भाड्याने देतो. माझ्या डोळ्यांसमोर गल्ल्याच्या गल्ल्या अशा झाल्या. कृष्णेचं पाणी आलं की आधी भाडेकरूच्या ओट्यावर चढतं.

धोरणाचं विचारलंत. 20 मे 2025 ला मंत्रिमंडळाने 'माझे घर, माझा अधिकार' हे धोरण मंजूर केलं, 2030 पर्यंत 35 लाख घरं. भाड्याच्या घरांचा त्यात उल्लेख आहे, ही चांगली गोष्ट. पण मोठ्या प्रकल्पात 20 टक्के घरं लहान उत्पन्न गटाला द्यायची अट नियमावलीत आहे, ती 10 लाखांवर लोकसंख्येच्या महापालिकांना. आपली सांगली-मिरज-कुपवाड 2011 च्या जनगणनेत 5 लाखांच्या घरात, म्हणजे आपण त्यात नाही. पंतप्रधान आवासमध्ये स्वतः घर बांधायला अडीच लाखांपर्यंत मिळतात, पण त्याला जागा तुमची लागते. केंद्राने 2 जून 2021 ला आदर्श भाडे कायदा मंजूर केला, घरासाठी दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट नको असं त्यात आहे. पण हा विषय राज्याचा, आणि इथे 1999 चाच कायदा चालतो.

मला विचाराल तर सांगलीला दोनच गोष्टी आधी हव्यात. लाल रेषेच्या बाहेरचं घर रजिस्टर कराराने भाड्याने दिलं, तर घरपट्टी वाढवू नका, उलट थोडी कमी करा. आणि विकास आराखड्यात घरांसाठी ठेवलेली उंचावरची आरक्षणं वेळेत ताब्यात घ्या. दहा वर्षांत संपादन झालं नाही, की मालक नगररचना कायद्याच्या कलम 127 ची नोटीस देतो आणि त्यानंतर 24 महिन्यांत हालचाल झाली नाही तर आरक्षण जातं. तिथं मग परवडणारी घरं होत नाहीत.

निवृत्त_मास्तर

दस्तवाले, कलम 24 चं मला कुणीच सांगितलं नव्हतं. घरपट्टीत वाढ किती होईल ते महापालिकेत जाऊन विचारतो. नकाशेवाल्यांची सवलतीची सूचना आमच्या ज्येष्ठ नागरिक संघातर्फे लेखी देता येईल का? मसुदा कुणी करून दिला तर सह्या मी गोळा करतो. विश्रामबागमध्ये आमच्यासारखे बरेच आहेत.

स्टोअरकीपर_कुपवाड

सगळ्यांचे मनापासून आभार. नवऱ्याला दस्तवाल्यांचा हिशेब दाखवला. आमच्यासारखे दोघे एका तळमजल्यावर महिन्याचं भाडं भरतात, दरवर्षी गाद्या वर चढवतात, आणि हजार-दीड हजारांच्या कागदावाचून अडून बसतात, याचा राग येतो.

त्या 9,000 वाल्या मालकांना फोन करून कलम 55 चं सांगितलं, नोंदणीचा खर्च आम्ही करतो म्हटलं. त्यांनी मुलाशी बोलून सांगतो म्हटलंय. एजंट दुसरा एक फ्लॅट 100 फुटी रोडच्या बाजूला दाखवतोय, भाडं हजाराने कमी आहे. नकाशेवाले काका, तो लाल रेषेच्या आत येतो की बाहेर, हे कुठे कळेल?

नकाशेवाला

त्या रस्त्याच्या सगळ्याच बाजू सारख्या उंचीवर नाहीत, एजंटच्या बोलण्यावर जाऊ नका. बिल्डिंगचा सिटी सर्व्हे नंबर नाहीतर गट नंबर मागून घ्या आणि महापालिकेच्या नगररचना विभागात पूररेषेचा नकाशा बघायला मागा. नंबर इथे टाकू नका. आणि बिल्डिंगमध्ये गेलात की पार्किंगमधल्या मीटरच्या पेटीमागची भिंत बघा, रंग दिला तरी 2019 ची ओल तिथे दिसते. शेजारच्या किराणावाल्यालाही विचारा, त्याचं दुकान किती बुडलं होतं ते.